पाय दुखतोय? शूजला दोष देऊ नका!

चाकण एमआयडीसीत शिफ्ट सुटल्यावर, बस निघायच्या आधीची पाच मिनिटं कधी बघितलीयत? टपरीवर कटिंग, सिगरेटचा धूर आणि तळहातावर मळली जाणारी तंबाखू, सगळं एकदम! भोसरी असो की हिंजवडी, सीन तोच. आयटीवाल्यांची सिगरेट थोडी महाग, एवढाच काय तो फरक! मी विषय काढते तेव्हा तोंडाचा कॅन्सर आणि फुप्फुसं सगळ्यांना पाठ असतात. पण तंबाखूने पाय जाऊ शकतो म्हटलं, की लोक हसतात. हसू नका राव!

या आजाराचं नाव बर्जर्स डिसीज. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. लिओ बर्जर यांनी कापाव्या लागलेल्या ११ अवयवांचा अभ्यास करून त्याचं सविस्तर वर्णन केलं. हातापायांच्या लहान आणि मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येते, आत गुठळ्या होतात आणि रक्ताचा रस्ताच बंद! हा म्हातारपणाचा आजार नव्हे. बहुतेक पेशंट पंचेचाळिशीच्या आतले, म्हणजे फ्लॅटचा ईएमआय नुकताच सुरू झालेले.

सुरुवात अगदी साधी. चालताना तळपायात, पोटरीत गोळे येतात. थांबलं की बरं वाटतं. दिवसभर लाइनवर उभा राहणारा माणूस सेफ्टी शूजला शिव्या घालतो. मग बोटं गार पडतात, निळसर होतात, रात्री पडल्या पडल्या ठणका लागतो. छोटीशी जखम भरत नाही. त्यापुढे गँगरीन, आणि बोट किंवा पाय कापणं. मग बाइकचा गिअर कोण टाकणार? लाइनवर कोण उभं राहणार?

आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली आणि पेनिसिलीन इथे तयार होऊ लागलं. पण बर्जर्स मुळापासून बरा करणारी गोळी अजून जगात कुठेच नाही. बंद झालेल्या रक्तवाहिन्या इतक्या बारीक असतात, की बायपासही बऱ्याचदा जमत नाही. उपाय एकच: तंबाखू पूर्ण बंद. 'दिवसाला फक्त दोन' हे डील इथे चालत नाही, तेवढ्यानेही आजार जागा राहतो. निकोटिनचं च्युइंगमसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

'मी ओढत नाही, खातो' असं म्हणताय? तीही सुटका नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्व्हेत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर धूर न काढता तंबाखू घेणारे तब्बल २४.४ टक्के!

गुड न्यूजही आहे. गँगरीन होण्याआधी जे तंबाखू कायमची सोडतात, त्यांच्यावर पाय कापायची वेळ सहसा येत नाही. तेव्हा पोटरी चालताना वारंवार धरत असेल, तर बाम चोळत बसू नका. डॉक्टरांकडून पायाची नाडी तपासून घ्या, गरज पडल्यास डॉपलर करा. सोडायला मदत हवी? १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन फुकट आहे. शूज पुढच्या पगाराला बदलता येतील, पाय नाही!