धूळ पिशवीत की डब्यात?

भंडारा जिल्ह्यात तुमसर, मोहाडी किंवा लाखनीकडे जाताना राईस मिलच्या छपरावर पत्र्याचे मोठे नरसाळे दिसते. गिरणीवाले त्याला सायक्लोन म्हणतात. धान भरडताना उडणारी धूळ आणि तूस पंखा ओढून घेतो आणि या नरसाळ्यात सोडतो. हवा कडेने आत शिरते, गरगर फिरते. जड कण भिंतीला लागून खाली घसरतात आणि हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. बिनपिशवीच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या पारदर्शक डब्यात हेच चालते.

पिशवीचे यंत्र त्याहून जुने. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स स्पँगलर हा दम्याचा रुग्ण एका दुकानाची साफसफाई करी. झाडूच्या धुळीने त्याला त्रास होई. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून त्याने यंत्र बनवले आणि 1908 मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पुढे हूव्हर कुटुंबाने ते जगभर नेले. आपल्याकडे 1982 मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी दारोदार फिरून व्हॅक्यूम क्लीनर मध्यमवर्गाच्या घरात पोहोचवला.

पिशवी एकाच वेळी गाळणी असते आणि कचरापेटीही. बारीक धूळ तिची छिद्रे बुजवते, त्यामुळे अर्धी भरली तरी ओढ कमी होते. याच दुखण्यावर इंग्लंडच्या जेम्स डायसनने लाकूड गिरणीतला सायक्लोन पाहून उपाय शोधला. 5,127 नमुन्यांनंतर यंत्र जमले. त्याच्या स्वतःच्या कंपनीचे पहिले यंत्र 1993 मध्ये बाजारात आले.

तरीही सायक्लोनला मर्यादा आहे. जाड कचरा तो उत्तम वेगळा करतो, पण अतिसूक्ष्म कण हवेबरोबर निसटतात. म्हणून बिनपिशवीच्या यंत्रातही पुढे फिल्टर लागतोच. तो वेळोवेळी धुवावा लागतो आणि पूर्ण वाळल्यावरच, साधारण दिवसभराने, परत बसवावा लागतो. ओला बसवला तर कुबट वास येतो, मोटरवर ताण पडतो. पिशवीचा खर्च वाचतो, मेहनत वाचत नाही.

खरा फरक पडतो तो धूळ टाकताना. कागदी किंवा कृत्रिम धाग्याची पिशवी तोंड बंद करून तशीच फेकता येते. डबा उघडला की थोडी धूळ पुन्हा उडतेच. कापडी धुण्याजोगी पिशवी स्वस्त वाटते, पण ती झटकताना सगळ्यात जास्त धूळ नाकात जाते. ज्या घरात दमा किंवा ॲलर्जी आहे, तिथे बंद पिशवी आणि हेपा फिल्टर अशी जोडी बरी. हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो. मात्र यंत्राच्या सांध्यांतून हवा गळत असेल तर त्याचा उपयोग नाही.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे हलक्या धानाची कापणी-मळणी चालते. कुसळे, तूस, माती घरात येते. ती दोन्ही यंत्रे ओढतात. पण भिंतीची पुट्टी घासल्यावरची भुकटी, सांडलेली रांगोळी आणि राख साध्या घरगुती यंत्राने ओढू नये. फिल्टर लगेच चोंदतो आणि राखेत निखारा असला तर आग लागू शकते. तिथे झाडू आणि ओले फडकेच योग्य. पाणी ओढायचे असेल तर ‘वेट अँड ड्राय’ असे स्पष्ट लिहिलेलेच यंत्र हवे.

दुकानात वॅटचा आकडा पुढे केला जातो. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खाते तो आकडा, ओढण्याची ताकद नव्हे. युरोपीय संघाने सप्टेंबर 2017 पासून घरगुती यंत्रांना 900 वॅटची मर्यादा घातली, तरी तिथली घरे झाडली जातातच.

पिशवीचे यंत्र घेण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: याच मॉडेलच्या पिशव्या भंडाऱ्यात मिळतात का, की दरवेळी नागपूरहून मागवाव्या लागतील? पिशव्या हमखास मिळत नसतील आणि घरात दम्याचा त्रास कुणाला नसेल, तर फरशीच्या घराला डब्याचे यंत्र घ्या. डबा सांदवाडीत, वारा पाठीमागे ठेवून, तोंडाला रुमाल बांधून रिकामा करा. दमेकरी घरात असेल तर पिशवीचेच घ्या आणि दिवाळीनंतर मंडईचे पाहुणे येण्याआधी दोन-चार पिशव्या जास्तीच्या आणून ठेवा.