शिंगांचे ओझे आणि मोजपट्टी

संख्याशास्त्राचा तास म्हटला की आम्हां कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. सरासरी, सहसंबंध हे सारे बाजारभावांसाठी आणि जनगणनेसाठी, अशीच आपली समजूत. पण याच साधनांनी हजारो वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या एका प्राण्यावरचा आळ दूर झाला, ती हकीकत मला येथे सांगावीशी वाटते.

हा प्राणी म्हणजे ‘आयरिश एल्क’. नाव फसवे आहे. तो एल्क नव्हे, एक महाकाय हरिण. आणि केवळ आयर्लंडचाही नव्हे, त्याचा वावर पार सैबेरियापर्यंत होता. नराच्या शिंगांचा विस्तार १२ फुटांपर्यंत भरे. ती पाहून काही जुन्या अभ्यासकांनी निष्कर्ष काढला की, शिंगांची वाढ एकदा सुरू झाली ती थांबेना आणि अखेर त्या ओझ्यानेच ही जात नामशेष झाली. ‘अति तेथे माती’ या म्हणीला जणू पुरावाच मिळाला!

अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी मात्र आधी मोजपट्टी हाती घेतली. संग्रहालयांतील व आयर्लंडमधील जुन्या वाड्यांच्या भिंतींवरील मिळून सुमारे ८० कवट्या आणि शिंगे त्यांनी मोजली व १९७४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका अक्षावर कवटीची लांबी, दुसऱ्यावर शिंगांची. शिंगे देहाला न जुमानता वाढली असती, तर आलेखावरील ठिपके विखुरले असते. ते एका रेषेभोवती जमले. देह एक टक्का मोठा, तर शिंगे सुमारे अडीच टक्के मोठी, असा तो नियम. आजच्या हरणांतही देहाबरोबर शिंगांचे प्रमाण वाढतच जाते.

येथे दोन सावधगिऱ्या हव्यात. दिवाणखान्यात लहान शिंगे कोण टांगणार? तेव्हा नमुना मोठ्या नरांकडे झुकण्याचा संभव असतो. शिवाय सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. देहामुळे शिंगे वाढली की शिंगांसाठी देह, हे आलेख सांगत नाही. गूल्ड यांच्या मते शिंगे मिरवण्यासाठी होती. १९८७ मध्ये किचनर यांनी ती झुंजीलाही योग्य असल्याचे दाखवले.

मग हे हरिण गेले कशाने? सैबेरियात ते सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीपर्यंत तग धरून होते, असे २००४ मध्ये दिसून आले. बदलते हवामान, घटता चारा आणि माणसाची शिकार यांकडे आता अभ्यासकांचे लक्ष आहे. शिंगे नसलेल्या माद्याही नष्ट झाल्याच ना!

नामशेष झालेल्याला आपली बाजू मांडता येत नाही. निदान त्याची हाडे मोजून मगच निकाल द्यावा.