चलच्चित्र आणि उजेडाचें माप



कांहीं वर्षांपूर्वीं माझी थोरली बहीण मेडशीस आमच्या घरीं आली होती. आम्ही तिला बाई म्हणत असूं. जात्यावरच्या पुष्कळ ओव्या तिला मुखोद्गत होत्या. मीं तिला ओसरीच्या उंबरठ्यावर बसविलें आणि लहानशा डिजिटल कॅमेऱ्यानें तिचें चलच्चित्र घेतलें. तिच्या पाठीमागें वैशाखांतलें लख्ख अंगण होतें. आज बाई हयात नाहीं. चित्र लाविलें कीं ओव्या स्वच्छ ऐकूं येतात, अंगणांतील तुळशीचें पानन् पान दिसतें. बाईचें मुख मात्र काजळासारखें काळें! दोष यंत्राचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता. तो आपल्या हातून घडूं नये, म्हणून आजचें हें भाषण.

कॅमेऱ्यांत किती उजेड घ्यावा, या प्रमाणास एक्सपोजर म्हणतात. आपण त्यास उजेडाचें माप म्हणूं. भिंगाचें छिद्र केवढें, उजेड किती वेळ आंत घेतला आणि आयएसओ नांवाची संवेदनक्षमता किती ठेविली, या तीन गोष्टींवर तें ठरतें. लहान कॅमेरा या तिन्ही गोष्टी बहुधा आपण होऊन जुळवितो. समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम करडें असावें, हा त्याचा ठोकळ हिशेब. म्हणून कापसाच्या ढिगासमोर तो धरला, तर पांढरा कापूस मळकट दिसतो; काळ्या म्हशीसमोर धरला, तर म्हैस राखाडी होते. माझ्या चित्रांत अंगण मोठें होतें, मुख लहान होतें. यंत्रानें अंगणाची बाजू घेतली.

दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणला, त्या काळीं कॅमेऱ्याचा दांडा हातानें फिरवावा लागे आणि उन्हाचा अंदाज माणसासच करावा लागे. आज मोजमाप यंत्र करतें. पण आपणांस काय पाहावयाचें आहे, हें त्यास कळत नाहीं. तें आपणच सांगावयाचें.

पहिली गोष्ट जागेची. माणसाचें तोंड दाराकडे करावें आणि आपली पाठ दाराकडे असावी. एवढ्यानें निम्में काम होतें.

दुसरी गोष्ट अधिक-उण्याची. बहुतेक कॅमेऱ्यांत या दोन चिन्हांची सोय असते. पांढऱ्या दृश्यास माप थोडें अधिक करावें, काळ्यास उणें. मात्र अधिक करतांना जपावें. काळवंडलेला भाग मागाहून थोडाबहुत उजळतां येतो, जरी तो रवाळ दिसला तरी. परंतु अति उजेडानें पांढरा फटक पडलेला भाग पुन्हां हातीं लागत नाहीं.

तिसरी अडचण चलच्चित्राचीच. चित्रण चालू असतां पांढऱ्या सदऱ्याचा मनुष्य समोरून गेला, कीं सारें चित्र एकाएकीं अंधारतें आणि तो गेल्यावर पुन्हां उजळतें. यावर उपाय म्हणजे माप बांधून ठेवणें. यासच एई लॉक म्हणतात. कॅमेरा मुखाजवळ न्यावा, तेथलें माप घेऊन बांधावें, मग मागें येऊन चित्रण करावें. ही सोय नसेल, तर घरांतलें व अंगणांतलें दृश्य एका दमांत न घेतां दोन तुकड्यांत घ्यावें.

चौथी गोष्ट रात्रीची. आपल्याकडील विजेचीं आवर्तनें सेकंदास ५० असतात. त्यामुळें साधी ट्यूबलाइट सेकंदास १०० वेळां मंद व तेजस्वी होते. डोळ्यांस तें जाणवत नाहीं, पण चित्रांत पट्टे सरकूं लागतात. कॅमेऱ्यांत ५० आणि ६० अशी निवड असल्यास ५० ठेवावी. वेळ हातानें ठरवितां येत असेल, तर सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवावा.

शेवटीं, दहा सेकंदांचा नमुना घेऊन तो सावलींत पाहावा. उन्हांत पडदा फसवितो. मीं तेवढें केलें असतें, तर बाईला चार हात आंत बसविलें असतें. आपल्या घरीं वृद्ध माणसें असतील. त्यांचें तोंड उजेडाकडे करा, मगच कळ दाबा. ओव्या माझ्या कानीं राहिल्या आहेत; त्या गाणारें मुख मात्र आतां आठवूनच पाहावें लागतें.