विश्लेषण : डिस्क रिकामी, तरी लिनक्स ‘जागा नाही’ का म्हणते?

लॅपटॉपवर ३० जीबी मोकळे दिसत आहेत आणि दोन एमबीची फाइल सेव्ह होत नाही. पडद्यावर संदेश येतो, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. ज्यांच्या लिनक्स संगणकाची डिस्क ‘बीटीआरएफएस’ या फाइलसिस्टिमवर आहे, त्यांना हा अनुभव येऊ शकतो. मग शोधाशोध सुरू होते. कुणी ‘कॅशे साफ करा’ असे सुचवतो, कुणी ‘रिपेअर’ची कमांड देतो. पहिल्या सल्ल्याचा अशा वेळी सहसा उपयोग होत नाही. दुसऱ्याने मात्र घरातल्या सगळ्या फोटोंवर पाणी सोडायची वेळ येऊ शकते.

ही फाइलसिस्टिम कुठे असते?

ओरॅकलमध्ये असताना ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये तिच्यावर काम सुरू केले आणि २००९ मध्ये ती लिनक्स कर्नलमध्ये आली. २०२० च्या फेडोरा ३३ पासून फेडोरा वर्कस्टेशनमध्ये तीच ठरलेली फाइलसिस्टिम आहे. ओपनसुसेमध्ये आणि सिनॉलॉजीच्या अनेक ‘नॅस’ पेट्यांमध्येही ती असते. अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालत असले तरी त्यांच्यात सहसा एक्स्ट फोर किंवा एफटूएफएस असते. त्यामुळे हा लेख ज्या फोनवर वाचत आहात, त्याची चिंता नको.

जागा असून नसल्यासारखी कशी?

बीटीआरएफएस डिस्कचे मोठे तुकडे पाडते. त्यांना ‘चंक’ म्हणतात. काही चंक फाइलींच्या मजकुरासाठी, म्हणजे डेटासाठी, तर काही मेटाडेटासाठी (फाइलींची नावे, पत्ते, नोंदी) राखून ठेवलेले असतात. डेटाचा चंक साधारण एक जीबीचा असतो. लोकलचा फर्स्ट क्लास रिकामा धावत असला तरी सेकंड क्लासच्या तिकिटावर त्यात बसता येत नाही, तसेच इथे होते. सगळी डिस्क चंकमध्ये वाटून झाली, डेटाचे डबे अर्धे रिकामे राहिले आणि मेटाडेटाचा डबा खच्चून भरला, की नवी फाइल लिहिता येत नाही. गंमत म्हणजे कधी कधी फाइल डिलीट करतानाही हाच संदेश येतो, कारण डिलीट करणे हीसुद्धा एक नोंदच असते.

‘डीएफ’ कमांड हे वाटप दाखवत नाही. त्यासाठी ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम युसेज’ ही कमांड (टाइप अर्थातच इंग्रजीत करायची) चालवावी. त्यात ‘अनअलोकेटेड’ जवळपास शून्य आणि मेटाडेटा भरत आलेला दिसला, तर रोग हाच. ‘ग्लोबल रिझर्व्ह’च्या ‘युज्ड’ रकान्यात शून्याऐवजी काही आकडा असेल, तर फाइलसिस्टिम आपत्कालीन शिल्लक खाते आहे असे समजावे.

मग कॅशेचा संबंध काय?

लॉजच्या मॅनेजरला कोणती खोली रिकामी आहे हे पाहायला प्रत्येक दार ठोठवावे लागत नाही, तो रजिस्टर पाहतो. ‘फ्री स्पेस कॅशे’ म्हणजे हेच रजिस्टर. खरी नोंद वेगळीच असते. म्हणून रजिस्टर हरवले तरी ते पुन्हा लिहिता येते.

जुन्या पद्धतीत, म्हणजे व्ही वनमध्ये, ही नोंद छुप्या फाइलींत ठेवली जाई. अनेक टीबींच्या डिस्कवर त्या सतत लिहिताना यंत्रणा मंदावायची. २०१६ मधील कर्नल ४.५ पासून व्ही टू, म्हणजे ‘फ्री स्पेस ट्री’, उपलब्ध झाली. तिच्यात बदल झाला तेवढाच भाग लिहिला जातो. बीटीआरएफएसच्या साधनांच्या ५.१५ आवृत्तीपासून नव्याने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर ती आपोआप येते. आपल्याकडे कोणती आहे, हे ‘माउंट’ कमांडच्या उत्तरात ‘स्पेस कॅशे’ या शब्दांपुढे दिसते.

अचानक वीज गेल्यावर कर्नलच्या लॉगमध्ये ‘फेल्ड टू लोड फ्री स्पेस कॅशे… रिबिल्डिंग इट नाऊ’ अशी ओळ दिसू शकते. एकदा दिसली तर दुर्लक्ष करावे, कर्नलने दुरुस्ती हाती घेतलेली असते. दर वेळी तीच ओळ येत असेल, तर मात्र कॅशे साफ करावी.

इथे एक मेख आहे. व्ही वनमध्ये ‘क्लिअर कॅशे’ पर्यायाने माउंट केले तर त्या काळात ज्या भागांत बदल होतो, तेवढ्यांचीच कॅशे साफ होते. पूर्ण साफसफाईसाठी डिस्क अनमाउंट करून ‘बीटीआरएफएस चेक’ला ‘क्लिअर स्पेस कॅशे व्ही वन’ हा पर्याय द्यावा लागतो. सिस्टिमचीच डिस्क असेल तर लाइव्ह यूएसबीवरून. त्यानंतर एकदा व्ही टू पर्यायाने माउंट केले की पुढे तीच कायम राहते. मोठ्या डिस्कवर हे पहिले माउंट वेळ घेते, मध्येच बंद करू नये. ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये जुना पर्याय लिहिलेला असेल तर तोही बदलावा.

जागा कशी मोकळी करायची?

कॅशे साफ करून अडकलेले चंक सुटत नाहीत. आधी जुने स्नॅपशॉट पाहावेत. डिलीट केलेली फाइल स्नॅपशॉटमध्ये असेल तर तिची जागा सुटतच नाही. मग ‘बॅलन्स’ कमांड ‘डी युसेज’ पर्यायासह चालवावी. सुरुवात ५ टक्क्यांपासून करून १०, २० असे वर जावे. त्यामुळे कमी भरलेले डेटा चंक एकत्र होतात आणि रिकामे झालेले परत मिळतात. संपूर्ण बॅलन्सची सहसा गरज नसते, ती तासन्‌तास चालते.

बॅलन्सलाही जागा नसेल तर एखादा रिकामा पेन ड्राइव्ह ‘डिव्हाइस अॅड’ने तात्पुरता जोडता येतो; त्यावरचा जुना मजकूर मात्र जातो. काम झाल्यावर तो ‘डिव्हाइस रिमूव्ह’नेच काढावा. तसाच उपटला तर त्यावर गेलेले चंकही जातात.

आणि ‘चेक रिपेअर’? या कमांडच्या माहितीपुस्तिकेतच जाणकारांना विचारल्याशिवाय ती वापरू नका, असा इशारा आहे. डिस्क केवळ वाचण्यापुरती माउंट होत असली, तरी आधी फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत.