सर्व्हरचे प्रोग्रॅमिंग घरी शिकायचे, तर पुस्तक कोणते घ्यावे?

बारावीचे निकाल लागले की माजी विद्यार्थ्यांचे पालक शाळेत भेटायला येतात. पूर्वी ते डी.एड., नर्सिंग किंवा आयटीआयबद्दल विचारत. आता एक नवा प्रश्न वरचेवर कानावर येतो : "मॅडम, मुलीला वेबसाइट बनवायला शिकायचंय. दिसायला सुंदर पान तिला करता येतं, पण पुढचं येत नाही. शहरातल्या क्लासची फी परवडत नाही आणि रोजचं येणं-जाणंही जमत नाही. एखादं चांगलं पुस्तक सांगा."

घरी बसून शिकणाऱ्या मुलामुलींसाठी पुस्तक हेच शिक्षक असते. वर्गात शिक्षकाचे शिकवणे समजले नाही तर शेजारच्या मित्राला विचारता येते. पुस्तकाने चुकीचे सांगितले, तर एकटे शिकणारे मूल दोष स्वतःच्या डोक्याला देते. म्हणून या निवडीकडे पालकांनीही थोडे लक्ष द्यायला हवे. त्यासाठी स्वतःला प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. पुस्तक हातात घेऊन कोणालाही करता येतील अशा तीन तपासण्या पुरेशा आहेत.

आधी हे 'पुढचे' म्हणजे काय ते पाहू. दहावीचा निकाल आपण सर्वांनीच मोबाइलवर पाहिलेला असतो. बैठक क्रमांक आणि आईचे नाव टाकले की आपल्याच मुलाचे गुण समोर येतात. लाखो मुलांची लाखो पाने कोणी आधी बनवून ठेवलेली नसतात. दूरच्या एका संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, एक प्रोग्रॅम चालू असतो. तो आपला क्रमांक घेतो, डेटाबेसमध्ये शोधतो, सापडलेल्या गुणांचे पान तयार करतो आणि आपल्याकडे पाठवतो. दुकानाची ऑनलाइन ऑर्डर, रेल्वेचे तिकीट, शाळेची हजेरी या सगळ्यांमागे हेच काम चालते. रंग, अक्षरे, बटणे हा दर्शनी भाग आणि ही मागची कामगिरी म्हणजे सर्व्हरकडचे प्रोग्रॅमिंग. त्यासाठी पीएचपी, पायथन, जावास्क्रिप्ट अशा भाषा वापरतात.

पहिली तपासणी : पुस्तक कधीचे आहे?

इतिहासाचे किंवा व्याकरणाचे वीस वर्षांपूर्वीचे पुस्तक आजही उपयोगी पडते. इथे तसे नाही. पीएचपी ही भाषा रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये सुरू केली आणि १९९५ मध्ये लोकांसाठी खुली केली. तेव्हापासून ती सतत बदलत आली आहे. जुन्या पुस्तकांत डेटाबेसशी जोडणी करायला 'मायएसक्यूएल_कनेक्ट' नावाची आज्ञा शिकवलेली असते. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ आली आणि ती आज्ञा भाषेतून काढून टाकली गेली. त्यामुळे जुन्या पुस्तकातले उदाहरण अक्षर न् अक्षर बरोबर उतरवले, तरी आजच्या संगणकावर ते चालत नाही. पडद्यावर चुकीचा संदेश येतो. मूल स्वल्पविराम तपासते, कंस तपासते, पुन्हा टाइप करते. चूक त्याची नसतेच. असे चार वेळा झाले की पुस्तक कपाटावर जाते आणि "हे आपल्याला जमणारं नाही" असा समज मनात बसतो. गमावलेल्या पैशांपेक्षा हे नुकसान मोठे आहे.

एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. पीएचपी ६ ही आवृत्ती कधी बाहेर आलीच नाही. ते काम २०१० मध्ये सोडून देण्यात आले आणि भाषा पाचवरून थेट सातवर गेली. पण त्याआधीच काही प्रकाशकांनी मुखपृष्ठावर 'पीएचपी ६' छापलेली पुस्तके बाजारात आणली होती. जुन्या पुस्तकांच्या दुकानात असे पुस्तक दिसले तर स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका.

पायथनचेही तसेच आहे. पायथन २ चा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. आता पायथन ३ शिकायचे. ओळखायची खूण सोपी आहे : पुस्तकातल्या पहिल्याच उदाहरणात 'प्रिंट' या शब्दापुढे कंस नसेल, तर पुस्तक जुने आहे.

तेव्हा मुखपृष्ठ पाहून झाले की पान उलटा आणि आवृत्तीचे वर्ष वाचा. पुनर्मुद्रणाचे वर्ष वेगळे, आवृत्तीचे वेगळे. रॉबिन निक्सन यांचे 'लर्निंग पीएचपी, मायएसक्यूएल अँड जावास्क्रिप्ट' हे पुस्तक पहिल्यांदा २००९ मध्ये आले आणि त्याची सहावी आवृत्ती २०२१ ची आहे. लेखक तेच, पुस्तक तेच, पण पहिली आवृत्ती पीएचपी ५ च्या काळातली आहे. पीएचपी ८ नोव्हेंबर २०२० मध्ये आली, म्हणून पीएचपीचे पुस्तक २०२१ किंवा त्यानंतरचे असावे.

दुसरी तपासणी : पुस्तक सुरक्षितपणा शिकवते का?

पुन्हा निकालाचेच उदाहरण घेऊ. बैठक क्रमांकाच्या चौकटीत एखाद्या लबाड माणसाने क्रमांकाऐवजी डेटाबेसला द्यायच्या आज्ञेचा तुकडा लिहिला तर? प्रोग्रॅमने तो मजकूर तपासल्याविना आपल्या आज्ञेला जोडला, तर डेटाबेस त्या माणसाचे ऐकतो. सगळ्यांची माहिती उघडी पडू शकते, पुसलीही जाऊ शकते. याला 'एसक्यूएल इंजेक्शन' म्हणतात. उपाय ठरलेला आहे. आज्ञा वेगळी पाठवायची आणि माणसाने लिहिलेला मजकूर वेगळा. त्याला 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' म्हणतात.

दुसरी गोष्ट पासवर्डची. पासवर्ड जसाच्या तसा डेटाबेसमध्ये ठेवायचा नसतो. त्याचे असे रूपांतर करून ठेवतात की त्यावरून मूळ शब्द परत काढता येऊ नये. जुनी पुस्तके यासाठी 'एमडी५' ही पद्धत सांगतात. ती फार वेगवान आहे आणि तोच तिचा दोष. चोराला अंदाजाने कोट्यवधी शब्द झटपट ताडून पाहता येतात. पीएचपीत २०१३ पासून 'पासवर्ड_हॅश' ही सोय आहे. ती मुद्दाम सावकाश चालते, म्हणून चोराला परवडत नाही.

पालकांनी करायचे एवढेच : पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तिच्यात 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट' आणि 'पासवर्ड_हॅश' हे शब्द शोधा. पीएचपीच्या पुस्तकात ते नसतील तर पुस्तक परत ठेवा. आपले मूल उद्या एखाद्या दवाखान्याचे किंवा पतपेढीचे काम घेईल. लोकांची माहिती ही अमानत आहे. ती सांभाळण्याची सवय पहिल्या पुस्तकापासून लागली पाहिजे.

तिसरी तपासणी : पुस्तक एक पूर्ण काम करून घेते का?

काही पुस्तके आज्ञांची यादी देतात आणि संपतात. सुटे टाके शिकवले पण कुर्ता एकही शिवून घेतला नाही, तर शिवण येत नाही. चांगले पुस्तक लहान लहान पायऱ्यांनी एक संपूर्ण वेबसाइट उभी करून घेते.

जॉन डकेट यांचे 'पीएचपी अँड मायएसक्यूएल' हे २०२२ चे पुस्तक या दृष्टीने चांगले आहे. सहाशेहून अधिक रंगीत पाने, भरपूर आकृत्या, थोडे इंग्रजी, आणि शेवटी हाती एक चालती वेबसाइट. मात्र एचटीएमएल आधी आलेले असावे. प्रोग्रॅमिंगची अजिबात ओळख नसेल, तर एरिक मॅथिस यांचे 'पायथन क्रॅश कोर्स' घ्यावे. तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. पहिल्या अर्ध्या भागात भाषा आहे. दुसऱ्या भागातल्या कामांपैकी एक म्हणजे जँगो वापरून केलेली वेबसाइट, जिच्यात प्रत्येकाला आपले खाते उघडून अभ्यासाच्या नोंदी ठेवता येतात. दोन्ही पुस्तके एकदम घेऊ नका. एक भाषा धरा आणि पुस्तक तडीस न्या. दुसरी भाषा नंतर निम्म्या वेळात येते.

उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची भीती असते. पुस्तक घेण्याआधी त्यांना मधली दोन पाने वाचू द्या. अडलेले शब्द दहाच्या आत असतील तर चालेल. अडलेला शब्द वहीत लिहायचा आणि पुढे आपल्या भाषेत अर्थ. या पुस्तकांत तेच शंभर-दीडशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. महिन्याभरात वही उघडायची गरज कमी होते.

खर्चाचाही विचार करू. राज्य मंडळाच्या बारावीच्या माहिती तंत्रज्ञान पुस्तकात पीएचपीवर एक प्रकरण आहे. गोडी आहे की नाही हे पाहायला तेवढे पुरे. गोडी असेल तरच मोठे पुस्तक घ्या. पीएचपी आणि जँगो यांची अधिकृत माहितीपुस्तिका इंटरनेटवर मोफत आहे, पुस्तकात शंका आली तर तिथे पाहावे. पीएचपीसाठी 'झॅम्प' हे मोफत सॉफ्टवेअर घेतले की घरचाच संगणक सर्व्हर बनतो. एकदा ते उतरवून घेतले की रोजच्या सरावाला इंटरनेट लागत नाही. संगणक मात्र लागतो. मोबाइलवर हे शिकणे त्रासाचे आहे. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर पुस्तक दोन मैत्रिणींनी मिळून घ्यावे आणि उरलेले पैसे जुन्या संगणकासाठी ठेवावेत.

पुस्तक घरी आल्यावर प्रत्येक उदाहरण स्वतःच्या हाताने टाइप करायचे, नुसते वाचायचे नाही. चालले की त्यातली एक गोष्ट बदलून पाहायची. बैठक क्रमांकाऐवजी शिवणकामाचे माप, गुणांऐवजी किराणाची उधारी. घरातल्या एखाद्या वहीचे काम संगणकावर आणता आले, म्हणजे ते प्रकरण समजले.

घरातल्यांनी द्यायची गोष्ट एकच आहे, रोजचा एक सलग तास. या कामात विचारांची साखळी मनात धरून ठेवावी लागते. मध्येच कोणी चहा ठेवायला किंवा लहान भावाला सांभाळायला हाक मारली की ती तुटते. मुलाच्या अभ्यासाच्या वेळी आपण घरात आवाज कमी करतो. मुलगी पुस्तक आणि संगणक घेऊन बसली की तिच्यासाठीही तो तास तसाच राखला पाहिजे. तिच्या हातात योग्य वर्षाचे पुस्तक आणि रोजचा असा तास असेल, तर शहरातल्या क्लासमध्ये जे शिकवतात ते तिला घरातही शिकता येईल.