कॅल्शियम टाकतोय, पण वाढत का नाही? खाऱ्या टाकीचा हिशेब



दौंडच्या एका बीएस्सीच्या मुलाने मला एक प्रश्न विचारला. त्याच्या घरी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. खडक, त्यावर गुलाबी चुनेदार शैवाल (कोरलाइन म्हणतात ते), काही गोगलगायी, दोन मासे. पाण्यातलं कॅल्शियम किटवर ३६० मिग्रॅ प्रति लिटर येतं. समुद्रात ते साधारण ४२० असतं. म्हणून तो रोज कॅल्शियम क्लोराइड टाकतो, पण आकडा काही हलत नाही. "सर, डोस वाढवू का?" असा त्याचा प्रश्न. (मी सर नाही, अजून थिसिस व्हायचाय.)

एक गोष्ट आधीच सांगतो. या टाकीत दगडी प्रवाळ नाहीत आणि ते बरंच आहे. २००१ पासून दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या खडकावरून बोटभर तुकडा तोडून आणला तरी तो गुन्हा ठरतो. पण चुनेदार शैवाल आणि शंखातले जीवही कॅल्शियम कार्बोनेटच तयार करतात, त्यामुळे रसायनशास्त्र तेच राहतं.

आता डोस वाढवायचा का? तर नाही. का, ते समजून घ्यायला समुद्रावर जायची गरज नाही, शिरूर-दौंडकडचं कुठलंही शेतातलं घर पुरेसं आहे. बोअरचं पाणी बंबात तापवलं की आत पांढरा थर बसतो. ठिबकच्या नळ्या चोंदतात, मग त्यातून ॲसिड सोडावं लागतं. काळ्या रानात नांगर घातला की चुनखडीचे पांढरे खडे वर येतात. तिन्ही ठिकाणी घडतं ते एकच: एक कॅल्शियम आयन आणि दोन बायकार्बोनेट आयन एकत्र येतात, कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी सुटतं. शैवाल हीच क्रिया स्वतःच्या सोयीने, स्वतःच्या पेशीभित्तीत घडवून आणतं. तुमच्या टाकीतला हीटर मात्र बंबासारखा वागतो.

म्हणून मी त्या मुलाला उलट विचारलं, हीटरवर आणि पंपाच्या पात्यावर पांढरं काही बसलंय का? बसलं होतं. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकायला सांगितला. फसफसलं. म्हणजे टाकलेलं कॅल्शियम कुठे जात होतं त्याचा पत्ता लागला. किटमध्ये दोष नव्हता आणि शैवालही अचानक खादाड झालं नव्हतं.

पण मग समुद्रात असं का होत नाही? उष्ण कटिबंधातलं समुद्राचं वरचं पाणी कॅल्शियम कार्बोनेटच्या बाबतीत कायम अतिसंपृक्त असतं. म्हणजे हिशेबाने चुना खाली बसायला हवा, तरी तो सहजासहजी बसत नाही. यामागचा मोठा हात मॅग्नेशियमचा. समुद्रात ते लिटरला साधारण १३०० मिग्रॅ असतं. चुन्याचा स्फटिक वाढायला लागला की मॅग्नेशियम आयन त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि त्याची वाढ अडवतात. मॅग्नेशियम कमी पडलं की हा अडसर सैल होतो.

या टाकीत मॅग्नेशियम कधी मोजलंच नव्हतं. मोजलं तर ११०० च्या आसपास निघालं. चौकशी केल्यावर कारणही कळलं. समुद्री मिठाचं तयार मिश्रण महाग पडतं म्हणून त्यात थोडं बाजारातलं खडे मीठ मिसळलेलं होतं. आता मिठागरात काय होतं ते आठवा. पाणी आटत जातं तसं कॅल्शियम बरंचसं आधीच जिप्सम होऊन खाली बसतं, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडू पाण्यात उरतं. ते पाणी काढून टाकतात. म्हणजे खडे मीठ हे समुद्रातून आलेलं असलं तरी "समुद्र" नव्हे. त्याने खारटपणा बरोबर येतो, पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही त्याच प्रमाणात पातळ होतात. ३६० आणि ११०० हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. दोन्ही समुद्राच्या सुमारे ८५ टक्के आहेत. एकच आकडा पाहिला असता तर हे कधी दिसलं नसतं.

आता डोसकडे येऊ. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. विहिरीची पातळी वेगळी आणि रोजचा उपसा वेगळा. ३६० वरून ४२० वर न्यायचं, हा एकदाचा भरणा आहे. ६० गुणिले २०० म्हणजे १२ ग्रॅम कॅल्शियम. दोन रेणू पाणी असलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये वजनाने २७ टक्के कॅल्शियम असतं, म्हणून साधारण ४४ ग्रॅम लागेल. तेही आधी मॅग्नेशियम जागेवर आणून आणि मग चार-पाच दिवसांत विभागून. एवढं झालं की हा विषय संपला. रोज किती टाकायचं, ते या आकड्यावरून कळतच नाही.

रोजचा उपसा मोजायचा तर कॅल्शियम बघू नका, क्षारता बघा. किटवर ती डीकेएच या एककात येते आणि २.८ डीकेएच म्हणजे लिटरला १ मिलिइक्विव्हॅलंट. एका कॅल्शियमसोबत दोन बायकार्बोनेट जातात. कॅल्शियमचा अणुभार ४०, म्हणून १ मिलिइक्विव्हॅलंट क्षारता गेली की २० मिग्रॅ कॅल्शियम जातं. समजा डोस बंद ठेवून दोन दिवसांत क्षारता ८ वरून ७ डीकेएचवर आली. ही घट १२ टक्क्यांहून जास्त आहे, साध्या किटवरही स्पष्ट दिसेल. त्याच दोन दिवसांत कॅल्शियम घटलं फक्त ७ मिग्रॅ, म्हणजे ४२० मधलं दोन टक्क्यांपेक्षा कमी. ज्या किटचा एक थेंब १० किंवा २० मिग्रॅचा असतो, त्यावर ही घट दिसणारच नाही. संशोधनात असं वारंवार होतं. ज्या राशीबद्दल प्रश्न असतो ती मोजण्यापेक्षा तिच्याशी बांधलेली आणि जास्त हलणारी राशी मोजणं शहाणपणाचं असतं. माझ्या मते हे प्रयोग आखतानाच ठरवावं लागतं. डेटा गोळा करून झाल्यावर त्याला इलाज नसतो.

पुढचं गणित वहीत स्वतः करून बघा. रोज ०.५ डीकेएच म्हणजे लिटरला ०.१८ मिलिइक्विव्हॅलंट, २०० लिटरला सुमारे ३६. त्यासाठी सोडियम बायकार्बोनेट लागेल ३ ग्रॅम आणि जोडीला कॅल्शियम क्लोराइड २.६ ग्रॅम. बस, चमचाभराचा खेळ आहे. दोन्ही वेगवेगळ्या बाटल्यांत आरओच्या पाण्यात विरघळवा आणि वेगवेगळ्या वेळी, जोरात प्रवाह असेल तिथे सोडा. हा मुलगा दोन्ही एकाच कोपऱ्यात पाठोपाठ ओतत होता. तिथे क्षणभर पांढरा ढग उठतो, त्यातले बारीक स्फटिक टाकीभर फिरतात आणि पुढच्या चुन्याला बसायला जागा देतात. मग आकडा घसरतो, माणूस अजून टाकतो, आणि चक्र सुरू राहतं.

एक पडताळणी मात्र विसरू नका. क्षारता फक्त चुना बनण्यातच जाते असं नाही. अमोनियाचं नायट्रेट होतानाही ती खर्च होते. म्हणून जोडीने डोस देत तीन आठवडे झाल्यावर कॅल्शियम मोजा. ते हळूहळू चढत असेल तर क्षारता दुसरंही काहीतरी खातंय असं समजा.

"बोअरच्या पाण्यात फुकटचं कॅल्शियम आहे, तेच टाकू का?" हाही प्रश्न येतो. नको. त्यात कॅल्शियमबरोबर किती मॅग्नेशियम, किती नायट्रेट, किती सिलिका आहे ते तुम्हाला माहीत नसतं. आणि उडालेल्या पाण्याच्या जागी रोज तेच भरलं की पाणी उडत राहतं, बाकी सगळं टाकीत साठत जातं.

ज्यांना दोन बाटल्यांचा खटाटोप नको त्यांच्यासाठी जुना उपाय आहे, चुन्याची निवळी. शाळेत फुंकर मारून दुधाळ केलेली तीच. लिटरभर पाण्यात जेमतेम १.७ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड विरघळतं. त्यातून कॅल्शियम आणि क्षारता आपोआप योग्य प्रमाणात मिळतात, लिटरला साधारण ४० मिलिइक्विव्हॅलंट. वरच्या टाकीला रोज पाऊण ते एक लिटर पुरेल. पानाचा चुना वापरू नका, शुद्ध पावडर घ्या. भांडं झाकून ठेवा, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड वर साय धरतो. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून डोळे सांभाळा आणि ती थेंबथेंब सोडा, शक्यतो रात्री, कारण प्रकाशसंश्लेषण थांबल्यावर टाकीचा पीएच उतरलेला असतो.

अडचण एवढीच की निवळी उडालेल्या पाण्याच्या जागीच भरायची असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पाणी भराभर उडतं, त्यामुळे प्रश्न येत नाही. पावसाळी दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं आणि लिटरभर जागाच होत नाही. जुलैत त्या मुलाला पुन्हा दोन बाटल्यांवर यावं लागेल, आणि त्याआधी दोन दिवस डोस बंद ठेवून क्षारता नव्याने मोजावी लागेल.