काटा काढणारी बोटं

"आई, यात काटा आहे?" ताटात मासा दिसला की माझ्या मुलीचा पहिला प्रश्न हाच असे. चार वर्षांची असताना तिच्या घशात तारलीचा बारीक काटा अडकला. आम्ही घाबरून कोरड्या भाताचे घास गिळायला लावले, केळं दिलं. शेवटी काटा डॉक्टरांनीच चिमट्यानं काढला. "घास देऊन काटा आणखी खोल ढकलू नका," असं बजावलंही. त्यानंतर वर्षभर पोरीनं माशाला हात लावला नाही.

सासूबाई मालवणच्या. त्या म्हणाल्या, "चूक माशाची नाय गो, आमची. एवढ्याशा पोराक तारली कित्याक दिलंस?" लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्यांना हलकी मुडदुशी द्यायची, ही त्यांच्याकडची रीत. मीच ती विसरले होते.

मग सुरुवात केली कोळंबीपासून. तिला काटाच नाही. सोलून, पाठीतला काळा दोरा काढून हळद-मीठ लावलं, तुपात ठेचलेल्या लसणावर परतली आणि बारीक तुकडे करून मऊ भातात कालवली. तीन-चार मिनिटांत कोळंबी गुलाबी होऊन वळते. त्याहून जास्त ठेवली तर चिवट होते आणि लहान दातांना चावत नाही. पहिल्यांदा देताना मात्र अगदी थोडी द्यावी. पुरळ उठलं किंवा ओठ सुजले तर लगेच डॉक्टर गाठावा.

पुढची पायरी पापलेट. मधला काटा एकसंध, त्यामुळे मांस अलगद सुटतं. नारळाच्या दुधात हळद, मीठ, दोन आमसुलं घालायची आणि तुकडे मंद आचेवर सात-आठ मिनिटं ठेवायचे. मिरची नको, तिरफळ नको. खळखळून उकळलं तर दूध फाटतं, एवढंच सांभाळायचं. मोरीसारख्या मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, म्हणून लहानांना ते वरचेवर देऊ नयेत.

पण मुलीची भीती गेली ती या पदार्थांनी नव्हे. सासूबाई तिला शेजारी बसवून मासा सोडवायच्या. प्रत्येक काटा ताटाच्या कडेला मांडायच्या आणि नातीला मोजायला लावायच्या. पोर आधी नुसती मोजायची. मग एक दिवस स्वतःच बोटांनी चाचपू लागली.

बिनकाट्याचे तयार तुकडे आता बाजारात मिळतात. घाईच्या दिवशी तेही चालतात. पण काटा ओळखायला ते शिकवत नाहीत. त्यासाठी कुणीतरी मुलाशेजारी अर्धा तास बसावं लागतं.

परवा जेवताना पाहिलं. सासूबाईंना हल्ली नीट दिसत नाही. अकरा वर्षांची नात त्यांच्या ताटातला बांगडा सोडवत होती. "आजी, खा आता. सगळे काढलेत," ती म्हणाली. काटे ताटाच्या कडेला ओळीनं मांडलेले होते.